दर कमी झाला, बिल वाढलं

लग्नाच्या जेवणाचं बिल ताटाच्या दरावर ठरतं, असं लग्नघरात सगळे धरून चालतात. भटारखान्याच्या बाजूने पाहणाऱ्या आम्हाला माहीत असतं की ते ताटांच्या संख्येवर ठरतं, आणि ती संख्या मोजणारा माणूस बहुतेक वेळा केटररचाच असतो. पुण्याच्या उपनगरातल्या एका मंगल कार्यालयात मी बरीच वर्षं व्यवस्थापक होते. पुढे स्वतंत्रपणे लग्नांची कामं घ्यायला लागले. ताटामागे दहा-वीस रुपयांसाठी दोन-दोन तास बसणारे वधूपिते या काळात किती पाहिले! तीच माणसं कार्याच्या दिवशी मांडवात सगळीकडे असतात, फक्त ताटांच्या चळतीजवळ त्यांच्यातलं कुणी नसतं.

एक लग्न मला स्पष्ट आठवतं. मुलीचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. पाचशे पानांचा अंदाज होता आणि केटररने साडेचारशेचा दर सांगितला होता. काकांनी तो ४३० वर आणला, म्हणजे दहा हजार वाचवले. घरच्यांना त्यांनी तो आकडा अभिमानाने सांगितलाही. लग्न छान पार पडलं, आणि दुपारी चारला कागद हातात आला तो ५९० ताटांचा. वरच्या नव्वद ताटांचे ३८,७०० रुपये. काकांनी आधी केटररकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फसवणूक झाली असं त्यांना वाटत होतं, पण खरं तर तशी फसवणूक झालेली नव्हती. नव्वद ताटं खरोखरच वापरली गेली होती.

कशी, ते सांगते. बुफेमध्ये मोजणीची पद्धत सरळ असते. सुरुवातीला टेबलावर किती स्वच्छ ताटं मांडली, शेवटी किती उरली, मधली गेली ती खर्ची पडली. ताट उचललं की ते मोजलं गेलं. मग त्यात कुणी पोटभर जेवो, नाहीतर एक जिलबी घेऊन ते खुर्चीखाली ठेवून देवो. फोटोसाठी स्टेजवर बोलावलं म्हणून अर्धं ताट ठेवून गेलेला पाहुणा परत येऊन नवं ताट घेतो. आजोबांसाठी नातू एक ताट नेतो, तोवर मावशीने दुसरं नेलेलं असतं. चार वर्षांच्या पोराला स्वतःचं ताट हवं असतं आणि त्यात दोन बटाटेवडे असतात. शिवाय काम करणारी माणसं असतातच. फोटो-व्हिडिओवाले, सनईवाले, मेकअपच्या मुली, डेकोरेशनची पोरं, बसचे आणि गाड्यांचे ड्रायव्हर मिळून मध्यम लग्नात तीस-पस्तीस जण सहज होतात. त्यांनी जेवलंच पाहिजे, पहाटेपासून राबत असतात ती. पण काकांच्या पाचशेच्या यादीत त्यांच्यातला एकही जण नव्हता.

याच्या अगदी उलट प्रसंग एका निवृत्त शिक्षिका आत्यांचा. भाचीचं लग्न होतं. त्या सकाळीच भटारखान्यात आल्या, केटररच्या माणसाला म्हणाल्या, "दादा, ताटं माझ्यासमोर मोजून लावा, पन्नास-पन्नासच्या चळती करा." एक शाळकरी वही, एक पेन, आणि बसायला खुर्ची, एवढंच त्यांनी मागितलं. प्रत्येक चळत संपली की वहीत एक रेघ. लहान मुलांसाठी त्यांनी छोट्या डिश वेगळ्या काढायला लावल्या. काम करणाऱ्यांचं जेवण आधीच वेगळं बोलून ठेवलेलं होतं. चौरस पण साधं ताट, दर जवळजवळ निम्मा, मागच्या बाजूला वेगळी मांडणी. अंदाज ४५० चा होता आणि आत्यांच्या वहीत ४६२ भरले. केटररच्या डायरीतही ४६२ च होते. त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट तो मला नंतर म्हणाला, "ताई, असं कुणी बसलं की आमचाच त्रास वाचतो, शेवटी वाद होत नाही." चांगल्या केटररला मोजणीचा राग येत नाही, हे मी नंतरही वारंवार अनुभवलं. राग आलाच, तर पुढचा विचार तिथेच करावा.

पंगत असेल तर हा प्रश्नच येत नाही. एका पंगतीला ऐंशी पानं, सहा पंगती उठल्या, ४८० झाली, लहान पोरालाही मोजता येतं. पंगतीला वाढपी जास्त लागतात म्हणून ती महाग पडते असं म्हणतात. पण बुफेतली फुकट गेलेली ताटं आणि टाकलेलं अन्न धरलं तर फरक फार उरत नाही. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलबी असा ठरलेला बेत असेल तर मी आजही पंगतच सुचवते. वाढणारा "आणखी?" विचारतो तेव्हा माणूस हवं तेवढंच घेतो.

आकड्याचा दुसरा भाग म्हणजे हमीचा आकडा. लग्नाच्या चार-पाच दिवस आधी केटरर विचारतो, "पक्के किती धरू?" इथे घाबरून जास्त सांगतात. कमी पडलं तर नाक कापलं जाईल, ही भीती. पण अनुभवी केटरर सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच रांधतो, कारण त्याचंही नाव पणाला लागलेलं असतं. तुम्ही पाचशेची हमी दिली आणि चारशे वीस आले तर पैसे पाचशेचेच जातात. चारशे तीसची हमी देऊन साडेचारशे आले तर वरच्या वीसचे तेवढे द्यायचे. म्हणून हमी खालच्या बाजूची द्यावी आणि वरच्या ताटांचा दर तोच राहील हे लिहून घ्यावं. येणाऱ्यांचा अंदाज बांधण्याचीही एक रीत आहे. पत्रिका मोजून काही कळत नाही, घरं मोजावी लागतात. कामाच्या दिवशी दुपारचा मुहूर्त असेल तर गावातल्या घरातून एखाद-दोन माणसं येतात. रविवारच्या संध्याकाळी रिसेप्शन असेल तर तेच घर शेजाऱ्यांसकट येतं. बाहेरगावचे पाहुणे मात्र आले की नाश्त्यापासून मुक्कामापर्यंत, त्यांची यादी वेगळी धरायची.

आणि ते लाइव्ह काउंटर! चाट, पास्ता, डोसा, चायनीज, प्रत्येक काउंटरमागे दर चढतो, पण पाहुण्याचं पोट तेवढंच राहतं. सुरुवातीला चाट आणि सूप झालं की मागे बासुंदीचं पातेलं भरलेलं राहतं, हे भटारखान्यात रोज दिसतं. आमच्याकडे एक वयस्कर आचारी होते. यादी वाचून ते आधीच सांगायचे की यातलं काय परत येणार. त्यांचं चुकलेलं मला आठवत नाही. उरलेल्या अन्नाचीही व्यवस्था आधीच बोलून ठेवावी. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिनहूड आर्मी आता पुण्या-मुंबईतही काम करते. अशा स्वयंसेवकांना आदल्या दिवशी कळवलं, तर न वाढलेलं, ताजं अन्न गरजू लोकांपर्यंत जातं. रात्री अकराला फोन केला तर त्यांचाही नाइलाज होतो.

ताटांइतकाच पैसा तारखेत असतो, आणि त्याकडे तर कुणी खर्च म्हणून बघतच नाही. तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम उघडतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मिटतो. मधे गुरू-शुक्राचे अस्त येतात, पौष येतो, आणि मुख्य मुहूर्तांचे दिवस मोजकेच उरतात. त्यातही रविवार आला की तोच केटरर तीन ठिकाणी, तोच फोटोग्राफर तीन ठिकाणी, तोच डेकोरेटर चार ठिकाणी. मुख्य आचारी एका जागी असतो, बाकी ठिकाणी त्याच्या हाताखालची माणसं. म्हणजे सर्वांत जास्त दर देऊन सर्वांत पातळ सेवा मिळण्याचा तो दिवस. गुरुजींना विचारून काढीव मुहूर्त घेतला, मधला वार धरला, तर कार्यालयं भाडं कमी करतात. पण विचारल्याशिवाय नाही. रिकाम्या तारखांचा दर छापील पत्रकात नसतो, तो व्यवस्थापकाच्या मनात असतो.

एका घरात मुलगा-मुलगी दोघंही रविवारसाठी अडून बसले होते, ऑफिसातले लोक यावेत म्हणून. मुलाची आजी बैठकीत शांतपणे म्हणाली, "ज्यांना यायचंय ते बुधवारीही येतील." बुधवार ठरला. भाडं जवळजवळ एक तृतीयांशाने उतरलं, डेकोरेटर स्वतः उभा राहिला, फोटोग्राफरही स्वतः आला. ऑफिसातले लोक अर्धी रजा टाकून आले, जे खरोखर जवळचे होते ते सगळे. जे आले नाहीत त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

फुलांचं तर गणितच वेगळं. मावळात, तळेगाव दाभाड्याच्या परिसरात, पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकतो आणि १४ फेब्रुवारीसाठी तो परदेशात जातो. जानेवारीच्या शेवटापासून चांगला लांब दांड्याचा गुलाब बाजारात महागतो. त्याच पंधरवड्यात स्टेज मात्र लाल गुलाबाचंच हवं म्हणून हट्ट होतो. दसरा, दिवाळी आणि मार्गशीर्षातले गुरुवार हे झेंडू-शेवंतीच्या भावाचे दिवस. पुण्यात गुलटेकडीच्या फूलबाजारात पहाटे एकदा जाऊन यावं, मग सगळं समजतं. गुलाब गड्डीवर विकला जातो, झेंडू-शेवंती किलोवर, आणि तोच माल सकाळी उशिरा निम्म्या तजेल्याने पडलेला असतो. मी वधूच्या आईंना एकदा तरी तिथे घेऊन जाते. एका वहिनींनी तिथे उभ्या राहून निशिगंधाची एक मोळी हातात घेतली, वास घेतला आणि कॅटलॉगमधलं ऑर्किडचं स्टेज जागेवर रद्द केलं. लग्नाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या हॉलमध्ये निशिगंधाचा वास होता. सजावटीतल्या ऑर्किडला तो सहसा नसतो.

डेकोरेशनमधली मोठी बचत मात्र मला दुसऱ्याच वाटेने सापडली. कार्यालयाच्या वहीत शनिवारी संध्याकाळी एका घराचं रिसेप्शन होतं, रविवारी सकाळी दुसऱ्या घराचं लग्न, आणि दोघांचा डेकोरेटर एकच. त्याने स्टेजचा तोच सांगाडा, त्याच कमानी, तेच झुंबर धरून दोन्हीकडे पूर्ण पैसे सांगितले होते. मी दोन्ही घरांना एकत्र बसवलं. एकांना गुलाबी हवं होतं, दुसऱ्यांना पिवळं, आणि अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी मूळ सजावट पांढऱ्या शेवंतीची ठरली. मागचा पडदा आणि पुढच्या माळा तेवढ्या रात्रीतून बदलायच्या. डेकोरेटरचीही मजुरी वाचली, त्याने आनंदाने दर उतरवला. तेव्हापासून हॉल बघायला येणाऱ्यांना मी सांगते, "आमच्या आधी कोण आहे आणि नंतर कोण आहे, हे विचारा."

हॉलवाल्यांच्या पद्धतींबद्दल उघड बोलणं गरजेचं आहे, कारण पैसा तिथे न दिसता जातो. बहुतेक कार्यालयांचे ठरलेले केटरर आणि डेकोरेटर असतात. ते कार्यालयाला टक्केवारी देतात, आणि ती टक्केवारी तुमच्या दरात मिसळलेली असते. बाहेरचा केटरर आणला तर कार्यालय त्याच्याकडून रॉयल्टी घेतं, म्हणजे तीही तुमच्याकडूनच. यात लपवण्यासारखं काही नाही, जागेचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा. पण बुकिंगच्या आधी विचारलं तर ती रक्कम बोलता येते, पावती फाडल्यावर येत नाही.

दुसरी जागा म्हणजे मीटर. आमच्या कार्यालयात जिन्याखाली एक लाकडी कपाट होतं, त्यात विजेचं मीटर. भाड्यात वीज नव्हती, युनिटवर आकारणी होती. किल्ली देताना मी आकडा वहीत लिहायचे आणि यजमानांची सही घ्यायचे. पण सगळीकडे तसं होत नाही. एका कार्याला मुलीचे मामा आदल्या संध्याकाळी आले. त्यांनी आधी कपाट उघडायला लावलं, टॉर्च मारून मीटरचा फोटो काढला, मग मागे जाऊन जनरेटरवरचा तासांचा आकडा टिपला, गॅसची भरलेली सिलिंडरं मोजली. दहा मिनिटांचं काम. जनरेटर ज्या दिवशी वीज गेलीच नाही त्या दिवशीही "चार तास" म्हणून बिलात येऊ शकतो, हे त्यांना थोरल्या भाचीच्या लग्नात दुसऱ्या एका ठिकाणी कळलेलं होतं. एसी कधी चालू करायचा हेही त्यांनीच ठरवलं. पाहुणे यायला लागल्यावर, सजावट चालू असताना नाही. त्या दिवशीचं विजेचं बिल नेहमीच्या मानाने बरंच खाली आलं.

वेळ हा तिसरा पैसा. ग्रामीण भागात लग्नं करायला लागले तेव्हा हे जास्त जाणवलं. मुहूर्त बारा एकतीसचा, पण स्टेजवर सत्कार सुरू. आमदारांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत शाल, श्रीफळ, टॉवेल-टोपी, आणि प्रत्येकाचे दोन शब्द. नवरा-नवरी उन्हात, अंतरपाट हातात धरून दोन मामा ताटकळलेले, आणि हजारभर माणसं अक्षता मुठीत घेऊन घामाघूम. अक्षता पडल्या पावणेदोनला. तोवर भात गार, जनरेटरचं डिझेल तासभर जास्त जळालेलं, बँडवाल्यांचा पुढचा कार्यक्रम चुकलेला म्हणून त्यांनी वरचे पैसे मागितले, आणि वाढपी दुसऱ्या पाळीत गेले. सत्काराचं सामान महाग नसतं, त्याला लागलेला वेळ फार महाग असतो.

जुन्नरकडच्या एका सरपंचांनी हे धाडसाने मोडलं. थोरल्या मुलीच्या वेळी त्यांनी सगळे सत्कार केले होते. धाकटीच्या वेळी त्यांनी माइक कुणाच्याही हातात दिला नाही, स्वतःच उभे राहिले. "आलेल्या सगळ्यांचं मी हात जोडून स्वागत करतो, हाच सत्कार समजा," एवढंच बोलले आणि गुरुजींना खूण केली. मुहूर्त चुकला नाही. टॉवेल-टोप्यांचे जे पैसे वाचले ते त्यांनी गावच्या शाळेला दिले, हेही त्याच माइकवरून सांगितलं. रुसवेफुगवे झाले असतील, पण पुढच्या हंगामात त्या पंचक्रोशीतल्या दोन लग्नांत तसंच झालं. शहरात वेळ वाचवायचा तर विधी नेमके ठरवून घेता येतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित मराठीत अर्थ सांगत आटोपशीर विवाहसंस्कार करतात. त्यांच्यात स्त्री पुरोहितही आहेत. अर्ध्या दिवसाच्या भाड्यात कार्य बसतं आणि लोक मन लावून ऐकतात.

फोटोग्राफरचं थोडक्यात सांगते. ज्याचं काम पाहून तुम्ही पैसे देता तोच येणार का, हे नावानिशी लिहून घ्या, कारण मोठ्या मुहूर्ताला नाव एकाचं असतं आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. अल्बम छापायची घाई नको, आधी सगळे मूळ फोटो ताब्यात घ्या. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर. प्री-वेडिंगबद्दल माझं मत विचाराल तर तो पैसा लग्नातल्या चांगल्या दोन कॅमेऱ्यांवर घालावा.

गाण्यांच्या परवान्याचंही थोडक्यात. हॉलवाले कधीकधी गाणी वाजवण्यासाठी परवाना आणायला सांगतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांना सूट दिलेली आहे, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने ते जाहीर सूचनेने पुन्हा स्पष्ट केलं. ती सूचना फोनमध्ये ठेवा. रात्री दहानंतर मात्र लाउडस्पीकर नाही, तो नियम लग्नालाही लागू आहे. म्हणून डीजेला बारापर्यंतचे पैसे कबूल करू नका.

कोरोनाच्या काळाने आम्हा सगळ्यांना एक गोष्ट दाखवली, ती विसरली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. एप्रिल २०२१ च्या आदेशात राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती, मोडलं तर पन्नास हजार दंड. आमचा धंदा बसला, कितीतरी आचारी-वाढपी गावी गेले, ते दिवस वाईटच होते. पण त्या दोन तासांच्या लग्नांत मी ज्या गोष्टी पाहिल्या त्या एरवी दिसत नाहीत. दोन्ही घरांतला प्रत्येक माणूस मंगलाष्टकं ऐकत होता. सप्तपदी कशी चालते हे वधूच्या वडिलांनी जवळून पाहिलं. एका आजोबांनी गॅलरीत, सोसायटीतल्या लोकांसमोर, नातीला निरोप दिला. त्यांच्या घरी लग्नासाठी जमवलेले पैसे नंतर त्या नातीच्या घराच्या हप्त्यात गेले. महाराष्ट्राला हे नवं नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिला विवाह भटजीविना आणि अगदी थोडक्या खर्चात लावला होता, आणि कर्ज काढून लग्न करणाऱ्या शेतकऱ्याचं दुःख हा जोतीरावांच्या तळमळीचा विषय होता. आजही मी मराठवाड्यातल्या घरांत बसते तेव्हा खर्चाच्या कागदावर सावकाराचं नाव नसतं, पण रकमा कुठून येणार हे सगळ्यांना माहीत असतं. अशा घरी मी यादीतून काय काढता येईल यावर आधी बोलते, कुठला केटरर स्वस्त यावर नंतर.

कागदाचं एक प्रकरण राहतंच. "बिल नको असेल तर कर वाचेल," असं सर्रास सांगितलं जातं. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे मोह होतो हे समजतं. पण पावतीच नसेल तर उद्या केटरर आलाच नाही, हॉलने तारीख दुसऱ्याला दिली, तर दाखवायला हातात काय? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कसुद्धा लागत नाही, पण दिलेल्या पैशांचा पुरावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एका घराची अनामत अशीच अडकली. तारीख बदलावी लागली, हॉलवाल्याने हात वर केले. त्या ताईंकडे प्रत्येक हप्त्याची पावती आणि रद्द करण्याच्या अटींवर सही होती, म्हणून तीन बैठकांत पैसे परत आले, आयोगापर्यंत जावंही लागलं नाही. आणखी एक. २०१७ पासून एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्याने बंद आहे, हप्ते पाडले तरी. दंड घेणाऱ्याला होतो. म्हणून "सगळं कॅशच द्या" म्हणणारा केटरर स्वतःही अडचणीत येतो आणि वाद झाला तर तुमच्यासाठी कागदावर अस्तित्वातच नसतो.

आता घासाघीस करू नये का? करावी, जरूर करावी, पण कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. दर एका मर्यादेखाली गेला की केटरर नाही म्हणत नाही, तो हो म्हणतो. मग तूप जाऊन वनस्पती येतं, बासुंदी पातळ होते, काजूची जागा मगज बी घेते. आणि सर्वांत आधी कमी होतात ते वाढपी. तिसांच्या जागी अठरा येतात. त्यात कॉलेजची मुलं असतात, परीक्षेची फी काढायला आलेली. शेजारच्या वस्तीतल्या बायका असतात, ज्या पहाटे चारला घर सोडतात. अठरा जणांनी तिसांचं काम केलं की दुपारी अडीचला कुणाच्या तरी हातून मठ्ठ्याचं भांडं सांडतं आणि त्यावर वरपक्षाचा आवाज चढतो. ओरडा त्या मुलाला खावा लागतो. तीन महिन्यांपूर्वी बैठकीत कुणी किती उतरवले हे त्याला काय माहीत!

निगडीकडच्या एका लग्नात वधूच्या वडिलांनी हे आधीच ओळखलं होतं. ते स्वतः कारखान्यात सुपरवायझर होते. दरावर ते फक्त एकदा बोलले, आणि मग केटररला विचारलं, "वाढायला किती माणसं देणार, त्यांना रोज किती?" माणसांचा आकडा त्यांनी करारात लिहून घेतला. कार्य संपल्यावर, केटररचा हिशेब करायच्या आधी, ते भटारखान्यात आले. त्यांच्या हातात पाकिटं होती, जितकी माणसं लिहिली होती तितकी. भांडी घासणाऱ्या दोघींचीही धरली होती. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने दिली, आणि सगळे जेवले का विचारलं. दोघी जेवल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी ताटं लावून झाल्यावरच ते बिलाकडे वळले.

एकूण खर्चाच्या मानाने ती रक्कम फारच थोडी होती. आज मी अंदाजपत्रक करते तेव्हा केटरिंगच्या ओळीखाली लगेच ही ओळ घालते: वाढपी आणि भांडीवाल्या, इतकी पाकिटं, यजमानांच्या हाताने. यादीतून ऑर्किड खोडतात, ड्रोन खोडतात, चॉकलेटचं कारंजं खोडतात. ही ओळ खोडा असं मला अजून एकाही घराने सांगितलेलं नाही.